कुंटे आणि बेचाळीस निकष

आयर्लंडमधल्या नावन गावात घर घेतलं त्या आठवड्यात दार वाजलं. दारात एक उंच, खांद्यात किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. एका हातात स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला कागद.

"मी कुंटे, शेजारचा. डब्यात मीनलने केलेला उपमा आहे. आणि हा तक्ता."

तक्ता कचऱ्याचा होता. आमच्या भागात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या तीन कंपन्या आहेत, त्यांची तुलना. कोणाची गाडी किती वाजता येते, डब्याचं झाकण वाऱ्याने उघडतं का, फोन केल्यावर माणूस बोलतो की यंत्र, अशा अठरा निकषांवर प्रत्येक कंपनीला दहापैकी गुण दिलेले होते. उपमा गार झाला होता, तक्त्यावर मात्र त्याच दिवशीची तारीख होती.

"तुम्ही कंपनी कोणत्या निकषांवर निवडलीत?" त्यांनी विचारलं.

"आधीच्या मालकांची होती तीच चालू ठेवली," मी म्हटलं.

"म्हणजे निकष न लावता?"

त्यात टोमणा नव्हता. बिनहेल्मेटचं कोणी घाटात निघालेलं पाहून वाटते तशी काळजी होती. पुढची सहा वर्षं मी कुंट्यांच्या शेजारी राहिले आणि ती काळजी माझ्या वाट्याला भरपूर आली. किटली घेताना, डेंटिस्ट बदलताना, मागच्या अंगणात कढीपत्त्याची कुंडी ठेवताना. कढीपत्ता मेला. कुंटे म्हणाले, जागा निवडताना वाऱ्याचा निकष राहिला.

ते डब्लिनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातले दोष शोधायचे आणि ते न चिडता, क्रमवार लिहून काढायचे, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. घरी येताना बाकीचे लोक लॅपटॉप आणतात, कुंटे धंदाच घरी आणत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक प्रेसवर आत काय आहे याची चिठ्ठी होती. इकडे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि दोन वर्षांत आपणही म्हणायला लागतो. डाळींच्या प्रेसवर डाळींची नावं, मसाल्यांच्या प्रेसवर मसाल्यांची, आणि एका प्रेसवर नुसतं 'इतर'. त्या इतरवर त्यांचा मनातून राग होता.

त्यांना नावाने हाक मारून पाहिली, जमलं नाही. सगळं गाव त्यांना कुंटेच म्हणे. बायकोही म्हणे. मीनल आणि त्यांचं लग्नही तक्त्यानेच ठरलेलं. ही गोष्ट मीनलच सांगायची, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक नव्या बाईला. "अकरा मुली, चौदा निकष. मी दुसरी आले होते. पहिलीने यांना नकार दिला." हे ती इतक्या मजेत सांगे की ऐकणारीला हसावं की नाही ते कळत नसे. कुंटे तिथे असले तर दुरुस्ती करत. "अर्ध्या गुणाने दुसरी. ठाण्यापासूनच्या अंतरात गेला तो अर्धा गुण."

त्यांना एकच मुलगी, ईरा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इकडच्या मीथ काउंटीतल्या पोरींसारख्या इंग्रजीत. तिच्यासाठी शाळा निवडताना कुंट्यांनी एकतीस निकष लावले होते. शाळा उत्तम निघाली. कुंट्यांच्या निवडी बहुतेक वेळा उत्तमच निघत, हे मला कबूल केलं पाहिजे, कारण माझ्या निघत नाहीत.

ईरा पंधरा वर्षांची झाली त्या वर्षी, ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी, मी आणि मीनल त्यांच्या स्वयंपाकघरात चार वाजताचा चहा घेत होतो. त्या दिवशी दोघींचं काम घरून होतं. मीनलचा फोन वाजला. शाळेतून ईराच्या वर्गाच्या प्रमुख बाई बोलत होत्या. आवाज मऊ, पण बोलणं पक्कं. ईराची तब्येत आता कशी आहे, असं त्या विचारत होत्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती शाळेत आलेली नाही, आम्ही कळवत होतो, तुमच्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून म्हटलं फोन करावा.

मीनलने कुंट्यांना हाक मारली. कुंटे वरच्या खोलीतून लॅपटॉप घेऊनच खाली आले. त्यांनी पत्रव्यवहारासाठी एक नियम लावून ठेवला होता. शाळेकडून येणारी प्रत्येक मेल आपोआप एका फोल्डरमध्ये जायची आणि त्या फोल्डरचा आढावा दर तिमाहीला घेतला जायचा. फोल्डरचं नाव 'शाळा, माहितीसाठी'. त्यांनी तो उघडला. तेवीस न वाचलेल्या मेल होत्या. त्यांनी त्या ओट्याशी उभ्या उभ्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने वाचल्या. मधली एकही गाळली नाही. मी चहाचा कप हातात धरून बसले होते. उठून जावं की बसावं ते मला कळेना, म्हणून बसले.

सव्वाचारला ईरा आली. युनिफॉर्म, पाठीवर दप्तर, केस नीट.

"कशी झाली शाळा?" मीनलने विचारलं.

"ग्रँड," ईरा म्हणाली, म्हणजे इकडचं 'ठीक', आणि पाणी प्यायला वळली. मग तिला लॅपटॉप दिसला.

ती रोज सकाळी बसथांब्यापर्यंत जायची आणि तिथून बॉइन नदीच्या काठच्या पायवाटेने चालत एका दगडी भिंतीशी जाऊन बसायची. दिवसभर. कोणाबरोबर नाही, काही ओढत नाही, पीत नाही. बसायची. घरी येण्याआधी टिश्यूने बुटांचा चिखल पुसायची. का, हे तिला सांगता येईना. "आय कुडन्ट गो इन," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी कुंट्यांच्या तोंडून निकष हा शब्द एकदाही आला नाही. मी सहा वर्षांत असा दिवस पाहिला नव्हता आणि मला भीती वाटली.

सोमवारपर्यंत शब्द परत आला.

डॉक्टर झाले, समुपदेशक झाले, रांगा झाल्या. नोव्हेंबर गेला. ईरा आता नदीवरही जात नव्हती, खोलीत असायची. समुपदेशक बाईंनी बोलता बोलता सांगितलं की काही मुलांना चार भिंतींच्या आत बोलायला जमत नाही, त्यांना डोंगरात, उघड्यावर राहून केलेल्या उपचाराचा उपयोग होतो. चालायचं, चूल पेटवायची, ताडपत्रीखाली झोपायचं, सोबत जाणकार माणसं असतात. आणि बहुतेक ठिकाणी घरच्यांनाही त्यात यावं लागतं. त्यांनी पर्याय म्हणून सांगितलं, पण पर्याय हा शब्द कुंट्यांसमोर काढायचा नसतो.

दोन आठवड्यांत तक्ता तयार झाला. सात उपक्रम, त्यातले चार परदेशातले, आणि बेचाळीस निकष. तो त्यांनी ऑफिसला जाताना डब्लिनच्या बसमध्ये मला दाखवला. हा माणूस विनोदी आहे असं मी धरून चालत असे, त्यामुळे सुरुवातीला मला हसू आलं. 'अरण्याची गुणवत्ता' असा एक निकष होता. 'मोबाइल नेटवर्क' हा दुसरा. म्हणजे मुलीला अरण्य मिळावं, पण चार काड्यांचं. 'पावसाची शक्यता' होती, आयर्लंडमधल्या तिन्ही उपक्रमांना त्यात शून्य. 'शाकाहार', 'प्रशिक्षकांचं शिक्षण', 'यशाचं प्रमाण', 'माजी पालकांचा अभिप्राय'. सगळ्यात वर परदेशातला एक उपक्रम होता. तो 'ने-आण व्यवस्था' या निकषात दहापैकी दहा मिळवून पुढे गेला होता.

"त्यांची दोन माणसं घरी येऊन मुलाला घेऊन जातात," कुंटे म्हणाले. "आपल्याला विमानतळावरसुद्धा जावं लागत नाही."

तो तक्ता त्या संध्याकाळी मीनलच्या हाती आला. तिला निकष वाचायची सवय नव्हती, तिने मूळ माहितीपत्रक वाचलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन माझ्याकडे आली. ती दोन माणसं पहाटे येतात, मुलाला आधी काही सांगायचं नसतं. झोपेतून उठवायचं, दोन्ही बाजूंनी धरायचं आणि गाडीत बसवायचं. पालकांनी शक्यतो दुसऱ्या खोलीत थांबावं, असंही त्यात लिहिलं होतं.

"याला हा माणूस ने-आण म्हणतो," मीनल म्हणाली. ती रडत नव्हती. फार संतापली होती.

कुंट्यांनी ते पान माझ्यासमोर, आमच्याच सोफ्यावर बसून दोनदा वाचलं. मग खिशातून पेन काढून दहाच्या जागी शून्य केलं. दहा खोडला, पुसला नाही. तपासणीवाले काही पुसत नाहीत, आधी काय होतं ते दिसलं पाहिजे. तो खोडलेला दहा त्या तक्त्यावर शेवटपर्यंत राहिला.

यादीत सातवी होती नोरा. पश्चिमेला मेयो काउंटीत डोंगराच्या पायथ्याशी राहणारी साठीची बाई, दोन मदतनीस आणि एका वेळी फक्त सहा मुलं. तिची अट एकच होती की आधी ती घरी येऊन भेटणार. डिसेंबरात ती आली. कुंट्यांनी प्रश्नावली छापून ठेवली होती. मलाही बोलावलं होतं, 'तटस्थ निरीक्षक' म्हणून. मी कचोऱ्या खात निरीक्षण केलं.

"तुमच्याकडचं अरण्य कसं आहे?" कुंट्यांनी सुरुवात केली.

"अरण्य कुठलं, बाबा," नोरा म्हणाली. "बॉग आहे. ओला, मऊ, काळा माळ. मेंढ्या आहेत. आणि पाऊस. पण पुरतं तेवढं."

"यशाचं प्रमाण?"

"आय कुडन्ट टेल यू."

"माजी पालकांशी बोलता येईल?"

"नाही. त्यांच्या घरातलं आहे ते."

"शाकाहारी जेवण?"

"मसूर," नोरा म्हणाली. "आणि मग अजून मसूर."

कुंटे लिहीत गेले, आकडे घसरत गेले. नोराने मधेच कप उचलून स्वतः विसळला, कुठे ठेवू म्हणून प्रेसवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, 'इतर' असलेला प्रेस उघडला आणि कप त्यात ठेवून दिला. मग ती मागच्या अंगणात गेली. ईरा तिथे कचऱ्याच्या डब्यांशी, भिंतीला टेकून उभी होती. आम्ही खिडकीतून पाहत होतो, पाहत नाही असं दाखवत. चाळीस मिनिटं त्या दोघी बाहेर होत्या. आधी नोरा तिच्या शेजारी भिंतीला टेकली, मग ईरा बोलायला लागली. हात हलवून बोलायला लागली. मीनलने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

नोरा आत आली. ईस्टरच्या सुमाराला तीन आठवडे, शेवटचे दोन दिवस आईवडिलांनी यायचं. "मी तिला घेईन. पण येते म्हणून तिने सांगायचं. तुम्ही नाही. शेवटच्या दिवसापर्यंत तिला नाही म्हणता येईल." आणि निघून गेली.

कुंट्यांनी बेरीज केली. "सातवी," ते म्हणाले. "खूपच खाली सातवी. मीनल, हिला बेचाळीसपैकी एकोणीस निकषांत शून्य आहे."

मीनलने त्यांच्या हातातला कागद घेतला आणि घडी घातली.

"मी दुसरी होते," ती म्हणाली.

रात्री जेवणाच्या वेळी ईराने आपण होऊन सांगितलं, "आय'ल गो टू नोरा'ज." मीनलने मला मेसेज केला, नुसता हात जोडलेला. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण आम्ही मराठी माणसं आहोत आणि आमचं मंडळ आहे.

आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात 'कौतुक सत्र' असतं. आठवडाभर आधी घरोघर एक चिठ्ठी येते, वर छापलेलं असतं, 'पाल्याचं यश'. खाली आपण लिहायचं. पियानोची परीक्षा, वक्तृत्व, गणित, पोहणं. आमचे सचिव सबनीस ती यादी माइकवरून वाचतात, पाल्य पुढे येतं, त्याला तिळगुळाचा पुडा आणि एक गुलाब मिळतो. चिठ्ठी कोरी देता येते. सहा वर्षांत कोणी दिलेली मी पाहिलेली नाही. मी स्वतः एका वर्षी माझ्या मुलीच्या नावापुढे 'नियमित दूध पिते' असं लिहिणार होते, नवऱ्याने थांबवलं.

कुंट्यांनी आजवर दर वर्षी चिठ्ठी भरली होती. या वर्षी कोरी गेली असती तर सबनीस विचारणार, मग सगळे विचारणार. त्यांनी लिहिलं, 'निसर्ग-नेतृत्व निवासी उपक्रमासाठी निवड'.

सबनिसांनी ते खणखणीत वाचलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, खरं काय ते ठाऊक असून. हात आपोआप उठले. ईरा आईच्या आग्रहाने आली होती, काळं कुडतं घालून मागच्या रांगेत बसली होती. तिचं नाव आलं तसं तिने आधी वडिलांकडे पाहिलं. मग पुढे गेली, पुडा घेतला, गुलाब घेतला, आणि तशीच मधल्या दाराने बाहेर जाऊन गाडीत बसली. इकडे कुंट्यांभोवती पालक जमले. प्रवेश परीक्षा असते का, कितवीपासून घेतात, त्याचा क्लास कुठे आहे का. एका आईने विचारलं, "बोटिंग येत असलं तर जास्त मार्क मिळतात का हो?" आणि कुंटे उत्तरं देत होते. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा सुरू झाला की थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही.

ईराने घरी येऊन आईला एक वाक्य सांगितलं. "टेल हिम आय'म नॉट गोइंग. ही कॅन गो. ही'ज द वन दॅट गॉट सिलेक्टेड." त्यानंतर तिने वडिलांशी बोलणं बंद केलं. मीठ हवं असलं तरी उठून घ्यायची. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. नोरा म्हणाली होती, ईस्टरपर्यंत जागा ठेवते, पण हो मात्र ईरानेच म्हणायचं. आणि ईरा पुन्हा दिवसदिवस खोलीतून बाहेर येईनाशी झाली.

या काळात कुंटे बसमध्ये माझ्या शेजारी बसत आणि बाहेर पाहत. आमच्या ऑफिसच्या नव्या प्रिंटरबद्दल मी मुद्दाम बोलले, कुठले निकष लावले ते त्यांनी विचारलं नाही. मार्चमधल्या एका सकाळी मात्र ते एकदम म्हणाले, "आरती, दोष ज्या ठिकाणी सापडला, दुरुस्ती त्याच ठिकाणी तपासायची असते. आपल्या टेबलावर बसून नाही."

"म्हणजे काय?"

"बघू," ते म्हणाले.

गुढीपाडव्याचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये होता. सबनिसांनी तिथेही कौतुक सत्र ठेवलं होतं, कारण काही पाल्यांची यशं संक्रांतीनंतरची होती. चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात घेऊन ते वाचत होते. सबनीस हातात येईल ते आधी वाचतात आणि मग समजून घेतात.

"यानंतर कुंटे कुटुंब. पालकाचं... पालकाचं अपयश." ते थांबले. "दोष क्रमांक एक."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. कुंटे उठून पुढे गेले आणि त्यांनी माइक मागून घेतला. आवाज ऑफिसात वापरायचा, सपाट.

"दोष. वडिलांनी मुलीबद्दल खोटी माहिती दिली. अपेक्षित परिणाम, आहे तसं सांगणं किंवा गप्प बसणं. प्रत्यक्ष परिणाम, निवड झाली असं लिहिलं. निवड झालेली नाही. तो उपक्रम बक्षीस नाही, उपचार आहे, आणि तो ईराचा एकटीचा नाही, आमच्या घराचा आहे." ते थांबले. "इथे दोन ओळी खोडल्या आहेत. त्या ईराने खोडल्या. हा कागद मी आधी तिला पाठवला होता. त्या ओळी तिच्या आहेत, म्हणून मी वाचत नाही."

मी मागे वळून पाहिलं. ईरा हॉलमध्ये होती. दाराशी, कोट घालून, आईजवळ उभी.

"दोष पुन्हा घडवून पाहायचा असल्यास," कुंटे वाचत राहिले, "पायरी एक. मुलीसंबंधी आलेली पत्रं न वाचता फोल्डरमध्ये टाकावीत. पायरी दोन. रोज जेवताना तिला दिवस कसा गेला ते विचारावं आणि तिने उत्तर द्यायच्या आत पुढचा प्रश्न विचारावा. पायरी तीन. लोक काय म्हणतील याला सगळ्यात जास्त गुण द्यावेत. वरील पायऱ्यांनी दोष दर वेळी घडतो. तीव्रता..."

तीव्रतेशी ते अडकले. किरकोळ, मध्यम, गंभीर, असे तीन पर्याय असतात, हे आमच्यातल्या निम्म्या, सॉफ्टवेअरमधल्याच, लोकांना माहीत होतं. सगळा हॉल त्यांची वाट पाहत होता. "गंभीर," ते म्हणाले, माइक सबनिसांच्या हातात दिला आणि जागेवर येऊन बसले.

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कोणालाच कळलं नाही. सबनीस म्हणाले, "धन्यवाद. यानंतर लेझीम." लहान मुलींनी लेझीम केलं. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी लेझीम पाहिलंच नाही.

नंतर कॉफीच्या टेबलाशी सबनीस माझ्याजवळ आले, पाठ माझ्याकडे करून कप भरत राहिले आणि हळूच म्हणाले, "त्या मेयोच्या बाईंचा नंबर आहे का? एका ओळखीच्यासाठी हवाय." पार्किंगमध्ये बोटिंगवाल्या आईने विचारलं. तिलाही ओळखीच्यासाठीच हवा होता. दुसऱ्या दिवशी आणखी एक फोन आला. आमच्या मंडळात सगळ्यांच्या खूप ओळखी आहेत.

ईरा आईला म्हणाली, "फाइन. आय'ल गो. स्टिल नॉट टॉकिंग टू हिम." आणि ईस्टरच्या आधी गेली.

शेवटच्या दोन दिवसांसाठी कुंटे आणि मीनलला मेयोला मी सोडलं, कारण कुंट्यांची गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली होती. सदतीस निकषांची गाडी. मी त्यावर काही बोलले नाही, हे माझ्या आयुष्यातलं मोठं संयमाचं काम. तीन तासांच्या रस्त्यात कुंटे मागच्या सीटवर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. बॅगेतली प्रत्येक वस्तू झिपच्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. मुलिंगार गाव मागे पडल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, "ती बोलेल का?" मीनलने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि माहीत नाही म्हणून मान हलवली.

डांबरी रस्ता संपतो तिथे एक फाटक होतं, पलीकडे काळा ओला माळ आणि ढगात अर्धा बुडालेला डोंगर. पाऊस होताच. नोरा बिस्किटांचा रिकामा टिनचा डबा घेऊन उभी होती. मीनलने त्यात फोन टाकला. कुंट्यांनी टाकला. डबा हलेना. कुंट्यांनी घड्याळ काढून टाकलं. डबा तरीही तिथेच. मग त्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून तो तक्ता काढला, खोडलेल्या दहासकट, चार घड्यांचा, आणि टाकला. शेवटी पेन.

"गुड मॅन," नोरा म्हणाली आणि झाकण लावलं.

ईरा माळावरून खाली येताना दिसली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांचा कसातरी बांधलेला बुचडा, हातात दोर. बूट पुसलेले नव्हते. आईला तिने एका हाताने मिठी मारली. वडिलांपुढे येऊन उभी राहिली. दोघांमध्ये हातभर अंतर होतं आणि दोघंही त्या अंतराकडे पाहत होती. मग तिने दोराचं टोक त्यांच्या हातात दिलं. दुसरं टोक वर, एका ताडपत्रीला बांधलेलं होतं आणि वारा ती ओढत होता.

"होल्ड दॅट, बाबा," ती म्हणाली. "अँड डोन्ट लेट गो टिल आय से."

जानेवारीपासूनचं पहिलं वाक्य. कुंट्यांनी दोर धरला. त्यांचं तोंड उघडलं. सहा वर्षांच्या शेजारामुळे आत काय तयार झालंय ते मला स्पष्ट दिसत होतं, कशासाठी, किती वेळ, कोणत्या कोनात. ते तोंड त्यांनी मिटलं. ईरा आईला घेऊन वर निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी मी पुण्याला गेले आणि उन्हाळाभर तिथेच होते, तेवढ्यात कुंट्यांना दक्षिणेला कॉर्कच्या एका औषध कंपनीत नोकरी मिळाली आणि ते तिकडे गेले. आमची भेट झाली नाही. मीनलचा फोन येतो. ईरा शाळेत जाते, सोमवारी जात नाही, बाकीचे दिवस जाते. सोमवारी कुंटे घरून काम करतात. नव्या घरातल्या प्रेसवर चिठ्ठ्या नाहीत, त्यामुळे हिंग सापडत नाही, अशी मीनलची तक्रार आहे.

मी मात्र त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या फाटकाशी. मी गाडी वळवली, पण पुढे बोळात मेंढ्या आल्या आणि दहा-पंधरा मिनिटं अडकून पडले. तेवढ्यात ताडपत्रीची खालची दोन्ही टोकं कोणीतरी खुंट्यांना बांधून टाकली होती. दोराची गरज संपलेली होती, हे मला गाडीतून दिसत होतं, म्हणजे त्यांनाही दिसत असणार. दोष शोधणारा माणूस तो. चष्म्यावरून पाणी गळत होतं, टोपी उडून गेली होती. ईराने अजून सोड म्हटलं नव्हतं. मेंढ्या हलल्या, मी गाडी पुढे घेतली, आणि आरशात दिसेनासे होईपर्यंत कुंटे दोन्ही हातांनी दोर धरून उभे होते.